शेऱ्याचा रकाना

सकीना बागवान यांच्याबद्दल लिहायला मी लायक माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर आमच्या कचेरीतल्या फायलीत जे आहे ते खरं धरून लिहील. त्या फायलीत सकीनाताईंच्या नावापुढे ‘खोट्या नोंदी’ असे दोन शब्द आहेत. मी त्या बाईंना सहा वर्षं ओळखतो. त्यांनी आयुष्यात एकच खोटी गोष्ट लिहून दिली, आणि ती लिहायला मी लावली.

वस्तीला मी इथे खाणवस्ती म्हणतो. धायरीच्या पुढे, एका जुन्या दगडखाणीच्या काठावर ती आहे, एवढंच पुरे. खरं नाव देणार नाही, माणसांची नावंही बदलली आहेत आणि आकडे थोडे इकडचे तिकडे केले आहेत. एकतीस वर्षं आकडे बरोबर ठेवण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे करताना हात अडखळतो, पण केलंय.

मी अभय खळदकर. सरकारी कचेरीतल्या सांख्यिकी शाखेत लोकांना शिक्षा म्हणून पाठवतात, तिथे मी हौसेनं गेलो. आमच्याकडे एका खात्याला दुसऱ्या खात्याचा पत्ता नसतो. पाणीवाले सांगतात वस्तीत चारशे घरं आहेत. घरपट्टीवाले म्हणतात एकही नाही, कारण तिथे कुणाला बिलच जात नाही. रेशनवाल्यांकडे सहाशे कार्डं, शाळेच्या पटावर मुलं मात्र नव्वद. ज्याच्या हाती जो आकडा लागेल त्यावर तो निर्णय घेतो. एकदा सगळ्यांनी मिळून एक पाळणाघर बांधलं, आणि ते अशा ठिकाणी की तिथली मुलं तोवर कॉलेजात गेली होती. उद्घाटनाला पेढे मात्र वाटले. मी दर बैठकीत एकच तुणतुणं वाजवायचो की सगळ्या खात्यांची माहिती एका जागी आणा आणि मग ठरवा काय ते. लोक मला कंटाळले होते. पण माझं म्हणणं बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं, आणि हेच जास्त झोंबतं.

सकीनाताई मूळच्या मंडईतल्या. वडिलांचा फळांचा गाळा होता, तो आता धाकटा भाऊ फैज चालवतो. राहायला गंज पेठेत, नवरा मैनुद्दीन शिलाई मशिनं दुरुस्त करतो. बारावीनंतर त्या आरोग्यसेविका म्हणून मानधनावर लागल्या आणि एकवीस वर्षं मानधनावरच राहिल्या. रोज दोन बस बदलून धायरी, तिथून खाणवस्तीपर्यंत पायी. बांधा बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि बोलणं असं की समोरच्याला आपला अपमान झालाय हे घरी गेल्यावर कळावं. एकदा एक डॉक्टर वस्तीत दोन तास उशिरा आले. सकीनाताई म्हणाल्या, “या साहेब. तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले चार पेशंट बरे होऊन घरी गेले.”

त्यांची माझी ओळख झाली ती आकड्यामुळेच. आमच्या कागदावर खाणवस्तीत चारशे बारा कुटुंबं होती, त्यांच्या नोंदवहीत पाचशे अडतीस. मला वाटलं, बाईंनी घरी बसून आकडा फुगवला असणार. मी खोटं पकडायला म्हणून वस्तीत गेलो, त्यांना न सांगता कोपऱ्यापासून वीस घरं स्वतः मोजली आणि मग त्यांची वही मागितली. वीसच्या वीस घरं जुळली. माणसं जुळली, वयं जुळली, एका घरातल्या गरोदर बाईचा महिनासुद्धा जुळला. असली वही मी नोकरीत पाहिली नव्हती. मी अक्षरशः हरखून गेलो.

तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या सात लांब वह्या. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं, चुली, लसी, आजार, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. आमच्या लेखी कुटुंब म्हणजे एक चूल. एका छपराखाली तीन भाऊ राहत असले आणि तिघांच्या बायका वेगळं शिजवत असल्या, तर ती तीन कुटुंबं. सासूनं रुसून कोपऱ्यात वेगळा स्टोव्ह मांडला की सरकारदरबारी एक कुटुंब वाढलं. मोजणीला जाणारे बहुतेक जण दारातूनच विचारतात, चुली किती, आणि सांगतील ते लिहितात. सकीनाताई उंबऱ्यावर बसायच्या. कुणाच्याही घरचा चहा घ्यायच्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “चहा पाजला की माणूस आपल्याला बरं वाटेल असं सांगायला लागतो. मला बरं वाटून काय करायचंय?”

आणि त्यांची एक रीत होती. लिहून झालं की वही मिटायच्या आधी त्या सगळी नोंद त्या घरच्या माणसांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या, शेऱ्यासकट. ‘नवरा घरात असताना बोलत नाही, दुपारी यावे.’ ‘दुसरं मूल वारलं, ते कागदावर बहिणीचं म्हणून दाखवलंय, विचारू नये.’ अशा गोष्टीसुद्धा वाचायच्या, आवाज खाली आणून. मग विचारायच्या, “बरोबर आहे? राहू देऊ?” माणूस हो म्हणाला तरच ते राहायचं. आणि नव्या घरात पहिल्यांदा गेल्या की वहीवर हात ठेवून सांगायच्या, “ही वही दवाखान्याची आहे. रेशनची नाही, पोलिसांची नाही, घरपट्टीची नाही.” त्या एका वाक्यावर खाणवस्ती त्यांना खरं सांगत होती. इतर कुणालाही ती खरं सांगत नव्हती, आणि का सांगावं?

विमलाबाई या वस्तीतल्या. वाशीमकडच्या. नवरा गेल्यावर मुलगा सुदर्शन त्यांना इकडे घेऊन आला. तो नऱ्ह्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. घर एकच, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत विमलाबाई, मागे सुदर्शन, त्याची बायको दीपमाला आणि दोन मुलं. विमलाबाईंच्या नावावर एकट्या विधवेचं म्हणून पिवळं रेशनकार्ड होतं आणि त्याचं धान्य त्या सुनेच्या डब्यात ओतायच्या. यात कुणाला लबाडी दिसत असेल तर त्यानं महिनाभर खाणवस्तीत राहून बघावं. तिथे म्हातारीला ताटात मान असतो तो असा. धान्य तिचं, शिजवणार सून. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

विमलाबाईंना मधुमेह. गोळी पोटात अन्न असतानाच घ्यायची, नाहीतर चक्कर येऊन पडायच्या. दोनदा पडल्याही होत्या. सकीनाताईंनी छडा लावला की घरात गोळ्या दीपमालाच सांभाळते आणि आपल्या हातानं जेवणाबरोबर देते. मग त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘कार्डावर वेगळी. जेवण मुलाकडे, चूल एकच. शुगरची गोळी सून जेवणाबरोबर देते. गोळीबद्दल सुनेशीच बोलावे.’ वाचून दाखवलं. विमलाबाई म्हणाल्या, राहू दे. त्या शेऱ्यानंतर त्या पुन्हा पडल्या नाहीत, कारण सकीनाताई रजेवर असताना येणारी दुसरी बाईसुद्धा तो वाचून दीपमालालाच गाठायची.

तीन वर्षांपूर्वी माझ्या तुणतुण्याला यश आलं. अकरा खात्यांची माहिती एका ठिकाणी जोडायचा प्रकल्प मंजूर झाला. प्रकल्पाच्या प्रमुख म्हणून आलेल्या आमच्या नव्या मॅडम हुशार, कामसू, कुणाचा एक रुपया न घेणाऱ्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “खळदकर, तुम्ही इतकी वर्षं बोलत होतात, आता करून दाखवा.” मी त्या दिवशी घरी जाताना बायकोसाठी गजरा नेला. तिला वाटलं माझी बदली झाली.

खराडीच्या एका कंपनीला काम दिलं होतं. तिथून स्वराली नावाची मुलगी आमच्याकडे येऊन बसायची. इतर वस्त्यांच्या वह्या संगणकात भरून घ्यायचं काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “सर, रिमार्क्सचा कॉलम स्किप करूया ना. सगळं अनस्ट्रक्चर्ड आहे, खूप एफर्ट जाईल. नंबर्स पुरेसे आहेत.”

मी तिच्यावर चिडलो. तिला म्हटलं, आकडे काय कुणीही भरेल, माणूस कुठे कळतो ते शेऱ्यात. सकीनाताईंच्या वहीतले मला पाठ झालेले चार शेरे तिला म्हणून दाखवले. मी मॅडमपर्यंत गेलो, भांडलो, आणि शेऱ्याचा रकाना प्रकल्पात घ्यायला लावला. दुसऱ्या कुठल्याही कारकुनानं हा उद्योग केला नसता. त्यानं रकाना सोडून दिला असता, आणि आज खाणवस्तीत कुणाचं काही बिघडलं नसतं. मी सोडला नाही, कारण मला ती वही आवडली होती.

वह्या मागायला मी स्वतः खाणवस्तीत गेलो. सकीनाताईंनी सरळ नाही म्हटलं.

“मी हे ज्याचं त्याला वाचून दाखवते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मशिनमध्ये गेल्यावर कोण कुणाला वाचून दाखवणार?”

मी म्हटलं, “ताई, या वस्तीला दवाखाना हवाय की नकोय? तुमच्या वह्या आणि बाकीच्यांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय तो मंजूर होणार नाही. आणि ही माहिती दवाखान्याच्या कामाबाहेर जाणार नाही. मॅडमनी तसं लेखी दिलंय.”

“मॅडम बदलतील. तुम्ही सांगा.”

“मी शब्द देतो,” मी म्हटलं.

त्यांनी सातही वह्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. पावती मागितली नाही. मॅडमची टिपणी तेव्हा खरोखरच होती, ‘केवळ आरोग्य नियोजनासाठी’ अशी. मी खोटं बोलत नव्हतो, हे मी आजवर स्वतःला कित्येकदा सांगून पाहिलंय. काही उपयोग होत नाही.

वर्षभरानं एक परिपत्रक फिरलं. जोडलेली माहिती सर्व खात्यांना खुली, गरजेप्रमाणे वापरावी. आमच्याकडे परिपत्रक टेबलावरून टेबलावर जातं आणि पाहिल्याची खूण म्हणून जो तो कोपऱ्यात सही ओढतो. त्यावर माझीही सही आहे. मी वाचलं नव्हतं असं म्हणायला लाज वाटते, आणि वाचलं होतं म्हणायला त्याहून जास्त. खरं सांगायचं तर वाचलं होतं, आणि मनात आलं होतं, चला, एकदाची खाती एकमेकांशी बोलायला लागली.

ती बोलली. गेल्या वर्षी पावसाळा सरताना खाणवस्तीतली एकोणीस पिवळी कार्डं बंद पडली. विमलाबाई दुकानात गेल्या तर यंत्रावर अंगठा लागला आणि दुकानदार म्हणाला, आजी, तुमचं वेगळं कुटुंबच नाही, तुम्ही मुलाकडे जेवता. चार माणसांत म्हणाला. विमलाबाई घरी न जाता थेट सकीनाताईंच्या बसण्याच्या जागी आल्या. त्या काय बोलल्या ते सकीनाताईंनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं.

“तू त म्हणे हे दवाखान्याचं बुक हाय. मंग दुकानदाराले कसं समजलं माय, मी कोणाच्या घरी जेवतो ते? हे त म्या तुलेच सांगितलं व्हतं.”

सकीनाताई दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत आल्या. एकवीस वर्षांत त्या इथे कधी आल्या नव्हत्या. मी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. स्वरालीला म्हटलं, बघ काय झालंय. तिनं विमलाबाईंचा नंबर घातला. पडद्यावर निळी चौकट उघडली. वेगळे कुटुंब नाही, एकत्र चूल. आणि खाली, माहितीचा स्रोत म्हणून, सकीनाताईंचा शेरा, त्यांच्याच शब्दांत. स्वराली हळूच म्हणाली, “सर, सिस्टीमनं मॅच बरोबर केलंय. चूक काहीच नाही.”

सकीनाताई पडद्याजवळ गेल्या आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागल्या. “कार्डावर वेगळी. जेवण मुलाकडे, चूल एकच.” चौकट तिथेच संपत होती. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गोळीचं कुठंय? पुढं गोळीचं लिहिलं होतं मी.”

गोळीचं वाक्य रेशन खात्याला लागत नव्हतं म्हणून ते त्यांच्या चौकटीत आलं नव्हतं. मी तेवढं सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या आणि मला बरंही वाटलं असतं.

नेमकं तेव्हाच सुदर्शनचं कंत्राट संपलं होतं. दीपमाला वाईट नव्हती, पण डब्यात म्हातारीचं धान्य नव्हतं आणि हे म्हातारीला सुनेपेक्षा जास्त कळत होतं. भूक नाही म्हणून त्या सकाळचं जेवण टाळायला लागल्या. गोळी मात्र घ्यायच्या, कारण गोळी चुकवायची नाही हे सकीनाताईंनीच पढवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात नळावर पडल्या. कपाळाला चार टाके पडले.

मी मॅडमकडे टिपणी घेऊन गेलो. एक नाही, तीन टिपण्या. मॅडमनी शांतपणे ऐकलं. त्या वाईट नव्हत्या, हे मी पुन्हा सांगतो, कारण वाईट असत्या तर ही गोष्ट सोपी झाली असती.

“खळदकर, नोंद खरी आहे ना?”

“खरी आहे, पण ती त्यासाठी...”

“मग मी ती कशी बदलू? खऱ्या नोंदीची दुरुस्ती करायची सोयच नाही. चुकीची असेल तर होते. त्या सेविकेनं लेखी दिलं की या एकोणीस नोंदी प्रत्यक्ष घरी न जाता अंदाजानं केल्या, तर मी दोन दिवसांत कार्डं सुरू करते.”

“आणि तिच्यावर काही कारवाई?”

“फाइलपुरतं आहे हो. मानधनावरच्या बाईवर कोण कारवाई करतंय?”

हे मी लगोलग खाणवस्तीत नेलं, आणि तुमच्यावर काही येणार नाही असा दुसरा शब्द दिला. सकीनाताई समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “म्हणजे मी घरी बसून लिहिलं, असं लिहायचं.”

“हो.”

“एकवीस वर्षांत एक घर मी बाहेरून मोजलं नाही, अभयभाऊ.”

“मला माहीत आहे.”

“तुम्हालाच तर माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

मसुदा मी केला. माझा कचेरीतला मसुदा नावाजलेला आहे, एका वाचनात पास होतो. ‘मी खाली सही करणार सौ. सकीना मैनुद्दीन बागवान लिहून देते की, सोबतच्या यादीतील एकोणीस नोंदी मी समक्ष भेट न देता ऐकीव माहितीवरून केल्या असून त्या वस्तुस्थितीस धरून नाहीत.’ त्यांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाल्या, “वाचून दाखवा.” मी वाचला. शेजारी नळावर बायका होत्या, मी आवाज खाली आणला. संपल्यावर मी विचारलं, “बरोबर आहे ना?” आणि विचारल्याबरोबर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सही केली. अक्षर नेहमीचंच, सरळ.

तिसऱ्या दिवशी कार्डं सुरू झाली, मॅडमनी शब्द पाळला. विमलाबाईंनी धान्य आणून सुनेच्या डब्यात ओतलं, हे मला सकीनाताईंनीच फोन करून सांगितलं. आवाजात आनंद होता. मला वाटलं, चला, निभावलं.

महिन्याभरानं एका मोठ्या परिषदेत मॅडमनी प्रकल्प मांडला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. एका चित्रावर लिहिलं होतं, ‘क्षेत्रीय स्तरावरील बनावट नोंदी शोधण्यात यश.’ खाली एकोणीसचा आकडा. टाळ्या झाल्या. शेजारच्यानं मला कोपर मारून म्हटलं, तुमच्याच शाखेचं काम ना. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? डिसेंबरात मानधनावरच्या सेविकांच्या नेमणुका पुढे चालू ठेवण्याची यादी निघाली आणि त्यात सकीनाताईंचं नाव नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द होते, ते सुरुवातीला सांगितलेच आहेत.

मी मॅडमच्या दालनात न विचारता शिरलो. नोकरीत पहिल्यांदा माझा आवाज चढला. “तुम्ही म्हणाला होतात फाइलपुरतं आहे.”

“फाइलपुरतंच होतं. पण नेमणुका करणारं खातंही आता तीच फाइल बघतं ना,” त्या म्हणाल्या. “सगळी माहिती एका जागी असावी असं तुम्हीच सांगत होतात. आणि अहो, बाईंनी स्वतः लिहून दिलंय. मी काय करू?”

खरंच, काय करणार. सगळं नियमात बसत होतं. फसवणूक इतकी स्वच्छ असू शकते हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

खाणवस्तीत मी एकदाच गेलो त्यानंतर. सकीनाताईंच्या जागी राधा म्हणून एक मुलगी आली होती, हातात टॅब, दारातूनच विचारायची. मी मागे उभा राहून ऐकलं. विमलाबाई तिला म्हणाल्या, “मी अलग रायतो. माही चूल अलग.” कोपऱ्यात तीन विटा मांडून ठेवल्या होत्या, राख नसलेल्या. राधानं फोटो काढला. आजार विचारला तर म्हणाल्या, काही नाही. नळावर एक बाई मला सांगत होती की आधीच्या बाईनं घरी बसून खोटंनाटं लिहिलं म्हणून आमची कार्डं गेली होती, बरं झालं काढली. विमलाबाई ते ऐकत होत्या. खरं काय ते त्यांना वाचून दाखवलेलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि आत गेल्या. मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की त्यांनी खरं बोलावं असं सांगायला माझ्याकडे तोंड नाही.

माझी निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. मी ठरवलं, आता भ्यायचं कशाला. एक निवेदन लिहिलं. सकीना बागवान यांच्या सर्व नोंदी खऱ्या होत्या, मी स्वतः तपासल्या होत्या, खोटं निवेदन त्यांच्याकडून मी लिहून घेतलं, मसुदा माझा, जबाबदारी माझी. तीन पानं. खाली सही केली आणि एका रविवारी सकाळी ते घेऊन मंडईत गेलो.

फैजच्या गाळ्यावर सकीनाताई पेरू रचत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. फैज माझ्याकडे न बघता दुसऱ्या टोकाला गेला, त्याला सगळं माहीत असावं. मी कागद दिला. त्यांनी हात पदराला पुसले, कागद घेतला आणि सगळा वाचला, या वेळी मनात.

“अक्षर सुंदर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या.

“उद्या देतोय मी हे. वरपर्यंत जाईन. तुमचं नाव साफ झालंच पाहिजे.”

“आणि नोंदी?”

मला प्रश्न कळायला वेळ लागला.

“माझं नाव साफ झालं म्हणजे नोंदी खऱ्या ठरल्या,” त्या म्हणाल्या. “नोंदी खऱ्या ठरल्या की एकोणीस कार्डं बंद. विमलाबाई पुन्हा उपाशीपोटी गोळी घेणार. आणि आता गोळीचं बघायला तिथं कुणी नाही.”

मी म्हटलं, “पण ताई, तुम्ही खोट्या ठरलात.”

“ठरले ना. तुम्हीच ठरवलंत. आता ते फुकट घालवू नका.” त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. “अभयभाऊ, तुम्ही मला दोनदा शब्द दिलात, मी मागितला नव्हता तेव्हासुद्धा. आज मी मागते. गप्प बसा. हा तरी पाळा.”